कसालात घोडा बांधायचा तर

मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली मागे टाकून दक्षिणेला निघालं, की ओरोसच्या अलीकडे कसाल लागतं. इथून एक रस्ता फुटतो आणि तांबड्या मातीतून, काजूच्या बागांमधून मालवणच्या किनाऱ्याकडे उतरतो. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. त्या गाड्या पाहून कसाल पंचक्रोशीतल्या एखाद्या तरुणाच्या मनात घोड्याचा विचार आला, तर त्यात नवल नाही. मोसमात किनाऱ्यावर रपेट, लग्नसराईत वरात, गावात थोडा रुबाब. घोडा घेतला तर जमेल का, हा प्रश्न तो चार जणांना विचारतो, आणि चौघंही त्याला घोड्याची किंमत सांगतात.

किंमत एकदाच मोजायची असते. खरा प्रश्न पुढच्या वीस वर्षांचा आहे. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, आणि त्यातला प्रत्येक दिवस तो खातो. काम असो वा नसो, पर्यटक येवोत वा न येवोत, पाऊस कोसळत असो वा ऊन तापत असो.

हा हिशेब महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वी एका परदेशी माणसानं लिहून ठेवला आहे. १४७० च्या आसपास अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी होर्मुझहून गलबतानं चौलला उतरला. त्याच्याबरोबर एकच मोठा माल होता, एक घोडा. हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, तिथं त्यांना सोन्याचा भाव मिळतो, असं त्यानं ऐकलं होतं. घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसात अडकला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्यानं त्या मुक्कामाबद्दल लिहिलं. जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, अशी अट घातली. खुरासानच्या एका वजनदार माणसानं मध्ये पडून घोडा सोडवला. पुढे निकितिननं तो बिदरला विकला आणि वहीत हिशेब मांडला: जुन्नरपर्यंत आणायला शंभर रुबल लागले, आणि वर्षभर पोसायला अडुसष्ट फुतून (इथली नाणी). घोडा इथं काय खातो, तेही त्यानं टिपून ठेवलं. हरभरा, आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी.

मराठी मुलखात घोडा सांभाळण्याचा वार्षिक खर्च आकड्यात लिहून ठेवणाऱ्या जुन्या नोंदींमध्ये या नोंदीचं स्थान फार वरचं आहे. रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे. तिथं जाणारे बहुतेक लोक त्याला वास्को द गामाच्या आधी आलेला युरोपीय म्हणून ओळखतात. पण घोडा बाळगू पाहणाऱ्यानं त्याला वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावं. विकण्यासाठी आणलेला घोडाही वर्षभर पोसावा लागतो, हे त्याला पदरचे पैसे मोजून कळलं.

कोकणात घोडा कधी फार नव्हता. वाटा चढउताराच्या, खाड्या आडव्या, नांगराला आणि गाडीला बैल. शेजारच्या गोव्यात डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत शिगम्याला घोडेमोडणीचा नाच होतो. नाचणारे कमरेला घोड्याचा सजवलेला सांगाडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोलाच्या ठेक्यावर पावलं टाकतात. इथल्या लोकांच्या डोळ्यांपुढं घोडा येतो तो असा, सणाचा आणि पराक्रमाचा. रोजच्या गोठ्यात मात्र गाय आणि म्हैस.

कोकणात दरवर्षी नेमानं येणारे जिवंत घोडे धनगरांचे. पाऊस सरला की घाटावरचे मेंढपाळ मेंढरं घेऊन खाली उतरतात आणि त्यांचा सगळा संसार, भांडीकुंडी, वाघर, कोंबड्या, लहान पोरं, छोट्या चिवट घोड्यांच्या पाठीवर लादलेला असतो. भीमेच्या खोऱ्यातली ही भीमथडी जात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडच्या वर्षांत तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांबरोबर जगणारा हा माणूस मृगाआधी आपली जनावरं घेऊन घाट चढून परत जातो. पावसाळ्यात तो कोकणात थांबत नाही. कसालात घोडा बांधायचा म्हणजे धनगर जे टाळतो ते करायचं.

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घोडा भिजला म्हणून मरत नाही. तो मरतो बुरशी आलेल्या वैरणीनं. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटाचे चार कप्पे बरंच काही पचवून टाकतात. घोड्याला पोट एकच, तेही शरीराच्या मानानं लहान. म्हणून तो दिवसभर थोडं थोडं खातो. शिवाय त्याला उलटी होत नाही. वाईट घास एकदा आत गेला की तो पुढंच सरकणार. मग पोटशूळ उठतो, घोडा मागं वळून आपल्याच कुशीकडे बघतो, पाय आपटतो, जमिनीवर लोळतो, घामानं निथळतो. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही तर काही तासांत खेळ संपतो. जुलैत मांगराच्या, म्हणजे शेतातल्या छपराच्या, कोपऱ्यातली पेंढी उचलावी, आतून पांढरी धूळ उडावी, कुबट वास यावा. ती गाईपुढं टाकायलाही माणूस कचरतो. घोड्यापुढं ती टाकणं म्हणजे त्याला विष घालणं.

कोकणात घोड्याचं पावसाळ्यातलं जगणं वैरणीवर ठरतं, ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाला पुरती ठाऊक होती. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या हलवर्ण गावच्या छावणीला लिहिलेलं पत्र मराठी माणसाला परिचित आहे. रयतेच्या काडीलाही हात लावू नका, हा त्यातला भाग शाळेपासून सांगितला जातो. पण पत्राचा विषय काय होता? घोड्यांची पावसाळ्याची वैरण. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणात लष्कराचा मुक्काम पडला होता. दाभोळ सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याच्या बेगमीला ठेवलेला दाणा आणि वैरण त्यात बरीच खर्ची पडली. उरलेल्या साठ्यावर चार महिने काढायचे होते. महाराज छावणीच्या जुमलेदार-हवालदारांना बजावतात की आहे तोवर मन मानेल तसं चाराल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी शिराल, कुणाचा दाणा, कुणाची भाजी आणाल, आणि लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे.

पुढं ते आणखी बारकाईत जातात. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, चिलीम ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात तोंडात धरून गवतात नेईल. एकदा गवत जळलं, की कुणब्यांच्या माना कापल्या तरी पावसात काडी मिळणार नाही.

घोडा सांभाळण्याच्या खर्चावर मराठीत यापेक्षा नेमकं काही लिहिलेलं सापडणं कठीण. लिहिणारा राजा आहे, त्याच्या डोक्यावर राज्यभराचा व्याप आहे, आणि तरी त्याला दिव्याची वात आणि उंदीर दिसतो. कारण त्यानं हिशेब केला होता. कोकणात पावसात वैरण विकत मिळत नाही. पैसा असून उपयोग नाही. जे दिवाळी ते मे या काळात भरून ठेवलं, तेच श्रावणात घोड्याच्या पोटात जाणार.

आता आजचा हिशेब. घोडा मध्यम, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. त्याला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडं खाणं लागतं, म्हणजे सात-आठ किलो. त्यात सहा किलो वैरण, दीड किलो हरभरा आणि अर्धा किलो कोंडा धरू. दाण्याला घोडेवाल्यांच्या भाषेत चंदी म्हणतात. हरभरा आदल्या रात्री भिजवायचा, सकाळी तोबऱ्यात घालून तोंडाला बांधायचा. वर्षाला हरभरा लागतो साडेपाच क्विंटल. २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामासाठी केंद्र सरकारनं हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये ठरवला होता. त्या भावानं चंदीचे एकतीस हजार होतात. किराणा दुकानातून किलोकिलोनं आणला तर अर्थातच जास्त.

वैरणीचं गणित कोकणात जास्त अवघड आहे. वर्षाला बावीस क्विंटल लागते, तुडवणीत आणि भिजण्यात जाणारी धरली तर सव्वीस. भाताचा पेंढा इथं मुबलक, उडव्या रचून ठेवलेला. पण पेंढ्यात सत्त्व कमी, आणि निव्वळ पेंढ्यावर घोड्याचं पोट सुटतं आणि फासळ्या दिसायला लागतात. सड्यावरचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेलं, नीट वाळलेलं गवत त्याहून बरं. चांगला ज्वारीचा कडबा हवा तर तो घाटावरून, फोंडा घाटातून किंवा गगनबावड्याच्या वाटेनं करूळ घाट उतरून येणार. म्हणजे कडब्याच्या भावात ट्रकचं भाडं मिसळणार. सगळं मिळून किलोला सरासरी बारा रुपये धरले तर एकतीस हजारांच्या वर जातात. कोंडा साडेचार हजार, मीठ आणि खनिज मिश्रण अडीच हजार. केवळ खाण्याचे जवळजवळ सत्तर हजार.

पावसाळ्यात हिरवं गवत फुकट मिळतं, मग हा आकडा खाली येणार नाही का? येतो, पण वाटतो तेवढा नाही. ओल्या गवतात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी. सहा किलो कोरड्या वैरणीच्या जागी पंचवीस-तीस किलो हिरवं कापून आणावं लागतं, भर पावसात, रोज. आणि नुसत्या कोवळ्या गवतावर घोड्याचं पोट बिघडतं, कोरडं बरोबर द्यावंच लागतं. म्हणून जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची वैरण निराळी बाजूला काढायची. नासाडी धरून नऊ क्विंटल. सैल रचली तर दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली जवळजवळ छतापर्यंत भरते. जमिनीपासून फूटभर उंच माचावर, भिंतीला न टेकवता, वारा खेळेल अशी. घोड्याच्या जागेइतकीच जागा त्याच्या वैरणीला लागते, हे घोडा घेणाऱ्याच्या सहसा डोक्यात नसतं.

घोड्याच्या जागेचंही तसंच. तळ जांभ्याचा उंच आणि उताराचा हवा, मूत वाहून गेलं पाहिजे. कोकणात गोठ्यात पातेरा अंथरतात, झाडाखालचा वाळका पालापाचोळा. घोड्यालाही तो चालतो, पण रोज बदलायचा आणि ओला अजिबात नको. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो, वर्षाला सहा टनांच्या आसपास. खर्चाच्या वहीत जमेची बाजू शोधायची तर ती इथं आहे. कुजवलेली लीद नारळ-आंब्याच्या बुंध्याला सोन्यासारखी, आणि ज्याची स्वतःची बाग आहे त्याचा घोडा तेवढ्यापुरता स्वस्त पडतो. छप्पर, दोऱ्या, खोगिराची दुरुस्ती, खरारे, बादल्या यांचे वर्षाला बारा हजार धरू.

आणि नाल. खूर आपल्या नखासारखं वाढतं, साधारण सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून, नवी बसवावी लागते. नालबंदाचं काम एकदा जवळून पाहावं. तो घोड्याकडे पाठ करून उभा राहतो, पाय उचलून आपल्या दोन्ही मांड्यांमध्ये धरतो. पकडीनं जुने खिळे एकेक उपसतो. वाकड्या सुरीनं वाढलेलं खूर पातळ पापुद्र्यांनी काढतो, कानस फिरवून सपाटी साधतो. मग नवी नाल टेकवून डोळा बारीक करून बघतो, पुन्हा कानस मारतो. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीतून तिरपा वर निघाला पाहिजे. सूतभर आत गेला तर घोडा लंगडलाच. पावसाळ्यात आणखी एक काम असतं. तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग दाबून, हुंगून बघायचा. चिखलात उभ्या असलेल्या घोड्याचा तो भाग काळा पडून कुजतो, आणि त्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

असा माणूस कसालाच्या आसपास शोधायला गेलं तर बाहेरूनच बोलवावा लागणार. देशातली घोड्यांची आणि तट्टांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. टांगे गेले तसे नालबंदही गेले. मार्को पोलोनं तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतल्या माबारबद्दल लिहिलंय की घोडे विकणारे व्यापारी तिथं नालबंद येऊच देत नसत. निगा नसली की घोडे लवकर मरतात आणि नवे विकता येतात. सभासदाच्या बखरीत याच्या नेमकं उलट चित्र आहे. शिवकालीन पागेत पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद, पाणी आणि नाल दोन्हींची पक्की सोय. तीच बखर सांगते की पावसाळ्याच्या छावणीसाठी दाणा, वैरण, औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं आधीच तयार ठेवली जात.

पंचवीसांमागं एक, हे प्रमाण महत्त्वाचं. पंचवीस घोड्यांमध्ये नालबंदाचा पगार वाटला जातो, कडब्याचा ट्रक वाटला जातो, रात्रीचा पहारा वाटला जातो. एकट्या घोड्याला हे सगळं एकट्यानं पेलावं लागतं. नालबंदाचं येणंजाणं धरून दर खेपेला हजार रुपये म्हटले तर वर्षाला नऊ हजार. शिवाय घोडा कळपाचं जनावर आहे. एकटा बांधला की तो लाकूड चावतो, अंग डोलवत राहतो, खाणं टाकतो. जवळ दुसरं तट्टू नसेल तर निदान एखादी शेळी तरी त्याच्या सोबतीला बांधावी. तो खर्च कुणी वहीत लिहीत नाही, पण करावा लागतो.

मराठ्यांच्या फौजेत घोडा कुणी पोसायचा, यावरूनच माणसाचा दर्जा ठरत असे. बारगीराला घोडा सरकारी पागेतून मिळे, त्याची चंदी-वैरण सरकारच्या माथी. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, म्हणून त्याचा मान आणि मोबदला वेगळा. पण घोडा मेला तर शिलेदाराची उपजीविका मेली. आज किनाऱ्यावर एक घोडा घेऊन उभा राहणारा माणूस हा शिलेदारच आहे, फक्त त्याच्यामागं सरकारी पागा नाही.

औषधपाण्याचं खातं फसवं असतं. साध्या वर्षात ते लहान दिसतं. धनुर्वाताची लस, जंताची औषधं, दातांची टोकं घासून घेणं, एखादी जखम, मिळून बारा हजार धरावेत. घोडा धनुर्वाताला फार हळवा, गंजका खिळा किंवा खोगिरानं घासून झालेली जखमही पुरते, म्हणून ती लस कधी चुकवू नये. पावसाळ्यात माश्या वाढल्या की सर्राचा धोका. चावणाऱ्या माश्या रक्तातले परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, ताप येतो-जातो, पाय सुजतात, घोडा दिवसेंदिवस वाळत जातो आणि मालकाला वाटतं खुराक कमी पडतोय. कोकणातल्या पशुवैद्यकाचा हात गाई-म्हशी-शेळ्यांवर बसलेला. पोटशूळ हाताबाहेर गेला, शस्त्रक्रियेची वेळ आली, तर घाट चढून सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाण्याची तयारी हवी. घोडा नेणाऱ्या गाडीचं भाडं आणि तेवढे तास, दोन्ही.

उरला माणूस. पूर्वी त्याला मोतद्दार म्हणत. पहाटे खरारा, पाणी, चंदी, लीद काढणं, दुपारी वैरण, संध्याकाळी फिरवणं, रात्री पुन्हा पाणी. घोडा पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात कामावर असेल तर त्याहून जास्त. अर्धवेळ माणूस महिना सहा हजारांना मिळाला असं धरलं तर वर्षाचे बहात्तर हजार होतात, सगळ्या खात्यांत मोठा आकडा. घरचाच माणूस करत असेल तर हा आकडा वहीत दिसत नाही. पण त्याचे चार तास रोज जातात, लग्नाला किंवा मुंबईला जायचं झालं तर कुणाला तरी सांगून जावं लागतं.

बेरीज केली तर खाणं, नाल, औषध, जागा आणि माणूस मिळून १,७४,२०० रुपये होतात. दिवसाला पावणेपाचशे. माणूस घरचा धरला तर १,०२,२०० रुपये, दिवसाला दोनशे ऐंशी. भाव बदलतील, पण वजनं आणि मापं बदलणार नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या गावचे भाव त्यात घालून बघावेत.

कमाईचे दिवस मात्र तीनशे पासष्ट नाहीत. पावसाळ्यात किनारा बंद. उरलेल्या आठ महिन्यांतले सुट्ट्यांचे, शनिवार-रविवारचे, लग्नांचे मिळून दोनशे दिवस कामाचे भरले तर चांगलं वर्ष म्हणायचं. म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी घोड्यानं आधी ८७१ रुपये स्वतःसाठी मिळवायचे, मग मालकासाठी. आणि जास्त राबवून ते भरून काढता येत नाहीत, येऊही नयेत. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार कामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त कामाला लावता येत नाही, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी लागते. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात काम घ्यायचं नाही. ओझं वाहणाऱ्या तट्टावर सत्तर किलोपेक्षा जास्त लादायचं नाही. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, ही म्हण ज्या भाषेत आहे तिला हे नियम परके वाटू नयेत.

घोड्यावर चालणारं गाव महाराष्ट्रात पाहायचं तर माथेरान. मोटारींना तिथं बंदी, आणि साडेचारशेच्या वर परवानाधारक घोडे. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले आणि महिनोन्‌महिने एक रुपया आला नाही. त्या काळात घोड्यांची चंदी-वैरण बाहेरच्या मदतीवर चालवावी लागली. आता ई-रिक्षा आल्या आहेत. मुंबईत तर व्हिक्टोरिया बग्ग्या जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. त्या खटल्यात घोड्यांच्या तबेल्यांची अवस्था हा मोठा मुद्दा होता. शहरात घोडा नीट बांधायला जागाच उरली नव्हती, आणि जे जनावर नीट बांधता येत नाही ते बाळगू नये, हा त्या निकालाचा सरळ अर्थ निघतो. निकाल योग्यच होता.

खर्चाचं शेवटचं पान म्हातारपणाचं. विसाव्या वर्षानंतर घोडा कमावत नाही, पण दात झिजल्यामुळं त्याला भरडलेलं, भिजवलेलं, म्हणजे जास्त महाग खाणं लागतं. शर्यतींतून निवृत्त झालेल्या घोड्यांना महाराष्ट्रात एक वेगळी वाट सापडली होती. सर्पदंशावरची आणि धनुर्वातावरची रक्तजलं घोड्याच्या रक्तापासून तयार होतात, आणि पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कसालातल्या एका म्हाताऱ्या तट्टाला अशी वाट नाही. त्याची वीस वर्षांची सोबत त्याच मालकाच्या गोठ्यात संपली पाहिजे, आणि तेवढी चार-पाच वर्षं आधीच हिशेबात धरली पाहिजेत. रस्त्यावर सोडून दिलेला, टेकडीवर उपाशी हिंडणारा म्हातारा घोडा हा मालकानं चुकवलेला खर्च असतो.

सरकारची थोडी मदत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगांना भांडवली खर्चाच्या निम्मं, कमाल पन्नास लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली, आणि पशुविम्याच्या हप्त्यातला मालकाचा वाटा पंधरा टक्क्यांवर आणला गेला. विमा तरी प्रत्येकानं उतरवावाच, आणि त्यासाठी आधी तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी करावी. जमल्यास चार-पाच गावांतल्या हौशींनी एकत्र येऊन एकाच ठिकाणी घोडे बांधावेत. नालबंद, कडब्याचा ट्रक, राखण, सगळ्याचा खर्च वाटला जातो.

घोडे पाहायला माणसं नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जातात, अकलूजच्या बाजाराला जातात, नांदेडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जातात. जरूर जावं, तिथं घोडा ओळखणारी माणसं भेटतात. पण हे बाजार दिवाळीनंतर भरतात, आणि कोकणात सड्यावरचं गवत कापून भरायचे दिवसही त्याच सुमाराचे. ज्याला खरोखर घोडा ठेवायचा आहे, त्यानं पहिल्या वर्षी बाजाराला जाऊ नये. त्यानं मांगर बांधावा, माच घालावा, नऊ क्विंटल वैरण भरावी आणि सप्टेंबरात ती उघडून हुंगून बघावी. कोरडी आणि गोड वासाची निघाली, तर पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याची गाडी धरावी.